चौथी पायरी, पाचवी पायरी

त्या रविवारी दुपारी मला ‘आपल्याला आत जाण्याची परवानगी नाही’ या वाक्याचा फोटो हवा होता. वाक्य माझंच होतं. आमच्या सॉफ्टवेअरच्या माहितीपानांत मी प्रत्येक पायरीला एक चित्र जोडत होते आणि बंद संग्रहाचं चित्र तेवढं राहिलं होतं.

हे सॉफ्टवेअर मेलिंग लिस्टचं. एका पत्त्यावर पत्र पाठवायचं, ते यादीतल्या सगळ्यांना पोचतं, आणि जुनी पत्रं एका संग्रहात जपून राहतात. इतकं साधं. व्हॉट्सॲपच्या जमान्यात हे कोण वापरतं, असं वसईजवळच्या आमच्या गोखिवऱ्याच्या सोसायटीतले लोक मला विचारतात. व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये तुमचा नंबर सगळ्यांना दिसतो. आमच्याकडे नाव, पत्ता, सगळं झाकता येतं. सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहे, म्हणजे कोणीही फुकट घ्यावं, उघडून बघावं, बदलावं. जगभरातले आम्ही पंधरा-वीस जण आपापल्या नोकऱ्या सांभाळून ते चालवतो. प्रोग्राम लिहायला सगळे तयार असतात, माहितीपानं लिहायला कोणी नसतं. स्वयंपाकाची हौस सगळ्यांना, भांडी कोणालाच नकोत, तसं. ती भांडी गेली काही वर्षं माझ्याकडे आहेत.

आणि मला त्यांचा माज होता, हेही सांगून टाकते. ‘जुन्या आवृत्तीतून नव्या आवृत्तीत यादी कशी न्यावी’ हे माझं पान म्हणजे माझा जीव की प्राण. सात पायऱ्या. चौथीत जुनी पत्रं नव्या संग्रहात आणायची. त्याला तासन् तास लागतात, म्हणून मी तिथे ‘तोवर चहा करून घ्यावा’ असंही लिहिलं होतं. पाचवीत त्या संग्रहाला कुलूप लावायचं. नवा संग्रह तयार होतो तो उघडाच असतो, कारण आमच्या जगात बहुतेक याद्या उघड्या असतात आणि त्याचा आम्हाला अभिमान असतो.

परदेशातल्या एका सहकाऱ्याने आधीच विचारलं होतं, चौथी आणि पाचवीच्या मध्ये कोणी थांबलं तर? मी सगळ्यांसमोर उत्तर दिलं की पायऱ्या मध्येच बसायला केलेल्या नसतात. दोघातिघांनी हसरे चेहरे टाकले. मला बरं वाटलं. हाच माणूस दुसऱ्या एका गोष्टीतही आडवा आला होता. यादीतून नाव काढताना ‘का सोडता आहात?’ असा एक रिकामा रकाना येतो. तो कोणीच भरत नाही, काढून टाकू या, असं माझं म्हणणं होतं. राहू दे, कधीतरी कोणीतरी भरेल, असं त्याचं. रकाना राहिला आणि मी महिनाभर धुसफुसत होते.

आता बाई. माणिकपूरच्या शाळेत त्या मला गणित शिकवायच्या. त्या भुईगावच्या, जुन्या ख्रिस्ती घरातल्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी दारू पिणाऱ्यांच्या बायकांसाठी चर्चच्या हॉलवर बैठक सुरू केली, तर कोणी फिरकेना. ‘अगं, दाराबाहेरच्या चपला ओळखतात लोक,’ त्या मला म्हणाल्या. म्हणून मी त्यांना यादी काढून दिली. नायगावपासून विरारपर्यंतच्या चाळीसएक बायका त्यात बिननावाने लिहू लागल्या. कोणाचा पत्ता कोणता, ते फक्त बाईंना दिसायचं. पासवर्ड मी कधी मागितला नाही, कारण बायका आमच्याच वसईतल्या होत्या. नवी आवृत्ती आली तेव्हा मी मदतीला येते म्हटलं, तर बाई म्हणाल्या, ‘तू पान लिहिलंयस ना? मग मी वाचून करते.’ मी आतून फुलले. शनिवारी सकाळी त्यांनी काम सुरू केलं होतं.

तर रविवारी दुपारी, आता सगळं झालं असणार म्हणून, मी परक्या माणसासारखा त्यांच्या नव्या संग्रहाचा पत्ता उघडला. ‘परवानगी नाही’ आलं नाही. पत्रांची यादी आली. नवीन सगळ्यांत वर.

मला आधी वाटलं, माझ्या ब्राउझरला काहीतरी ओळख राहिली असेल. मोबाइलवरून उघडलं. तीच यादी.

सगळ्यांत वरचं पत्र मी उघडलं. उघडायला नको होतं, पण उघडलं. लिहिलं होतं की पुढच्या शुक्रवारी नवरा कंपनीच्या कामाने बाहेरगावी जाणार आहे आणि ती दोन्ही मुलांना घेऊन निघणार आहे. कोणाकडे जाणार, त्या गावाचं नाव होतं. शाळेचे दाखले आणि कपडे कोणाच्या घरी ठेवलेत, तेही होतं. शेवटी एक ओळ होती: मागच्या वेळी त्याला कळलं तेव्हा त्याने तीन दिवस बाहेरून कडी लावली होती.

मी लॅपटॉप मिटला. जणू तो मिटल्याने संग्रह जगभर मिटणार होता.

बाईंना फोन लावला. लागेना. लागणार कसा? शनिवारी दुपारी वाऱ्याने रेल्वेच्या पश्चिमेला तारांवर झाड पडलं होतं, गावागावांत लाईट नव्हती आणि टॉवरही मेले होते. आमच्याकडे पूर्वेला पंखा व्यवस्थित फिरत होता. मी लॅपटॉप पिशवीत टाकला आणि निघाले.

रिक्षाने स्टेशन, पूल ओलांडून माणिकपूर, तिथून दुसरी रिक्षा. रिक्षावाला म्हणाला, ‘ताई, भुईगावला कालपासून लाईट नाय. पानी पन नाय.’ स्टँडवर एक बाई दोन मुलांना घेऊन उभी होती, मुलगा शाळेच्या दप्तरात काहीतरी कोंबत होता. मला वाटलं, हीच. पुढे भाजीवाल्याकडे दुसरी एक दिसली, मला वाटलं, हीच. मग तिच्या मागे उभा असलेला पुरुष दिसला. त्याच्या हातात फोन होता. आता सगळ्यांच्याच हातात फोन असतो, पण त्या वेळी मला प्रत्येक माणूस तेच पत्र वाचताना दिसत होता.

बाई घरी नव्हत्या. शेजारच्या आळीत भाच्याच्या लग्नाला गेल्या होत्या. मांडवात जनरेटरवर बँड वाजत होता. त्या मला बघून खूश झाल्या, ‘अगं, आलीस! जेवायला बस,’ म्हणाल्या. मी त्यांना दंडाला धरून केळीच्या वाफ्यांकडे नेलं.

‘बाई, संग्रह उघडा आहे.’

‘कसा असेल? अर्ध्यातच लाईट गेली ना काल. बंदच पडलं ते. लाईट आली की पुन्हा चौथीपासून करणार आहे.’

गणिताच्या बाई त्या, चुकीचा विचार करणाऱ्यांतल्या नव्हेत. लाईट गेली की मिक्सर बंद, पंप बंद, पंखा बंद. वसईत जन्म काढलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. त्यांच्यासमोर पडदा काळा झाला, म्हणजे काम थांबलं. पण पत्रं त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर नव्हतीच. ती दूर कुठेतरी भाड्याने घेतलेल्या मशीनवर होती, आणि तिथे लाईट गेली नव्हती. ते मशीन रात्रभर इमानदारीत, नव्यापासून जुन्यापर्यंत, एकेक पत्र बाहेर मांडत बसलं होतं. काम तुमच्या घरात होत नाही, तिकडे होतं, हे वाक्य माझ्या पानावर कुठेच नव्हतं. मला ते लिहावंसंच वाटलं नव्हतं. माझ्या घरी इन्व्हर्टर आहे.

सांगितलं तेव्हा बाई जवळच्या दगडावर बसल्या. ‘शुक्रवारवाली?’ एवढंच त्यांनी विचारलं.

‘तिचंच पत्र वर आहे.’

पासवर्ड त्यांच्या प्रार्थनेच्या पुस्तकात लिहिलेला होता. ते घरून घेतलं आणि तशाच जरीच्या साडीत त्या माझ्याबरोबर रिक्षात बसल्या. माणिकपूर आलं तशी फोनला रेंज आली. एका बेकरीच्या बाकड्यावर मी लॅपटॉप उघडला. बाई पुस्तकातून एकेक अक्षर हळू आवाजात सांगत होत्या. बेकरीवाला पाव बांधता बांधता आमच्याकडे बघत होता. पहिल्यांदा चुकलं, दुसऱ्यांदाही चुकलं. तिसऱ्यांदा चुकलं तर पाऊण तास दार बंद होतं, हे मीच लिहिलेलं होतं. बाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला. ‘सावकाश,’ म्हणाल्या, ‘फळ्यावर लिहिल्यासारखं.’

उघडलं. पाचवी पायरी म्हणजे एक ओळ. पाव मिनिटही लागलं नाही. संग्रह बंद झाला, आणि मला हवं होतं ते वाक्य पडद्यावर आलं. मी त्याचा फोटो काढला नाही.

मग नोंदी पाहिल्या. कोणत्या पत्त्यावरून कोणतं पान उघडलं गेलं, हे मशीन लिहून ठेवतं. बहुतेक भेटी सर्च इंजिनांच्या, म्हणजे यंत्रांच्या होत्या. त्यांच्याकडून ती पानं काढून घेण्याचा अर्ज तिथल्या तिथे केला. एक भेट माझी होती. आणि एक अशी होती जी यंत्राची वाटत नव्हती. शनिवारी संध्याकाळी कोणीतरी ते वरचं पत्र उघडलं होतं आणि बराच वेळ उघडं ठेवलं होतं. कोण, ते नोंदीतून कळत नाही. मी बाईंना सांगितलं. त्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली.

‘सगळ्यांना पत्र लिही,’ त्या म्हणाल्या.

मी लिहिलं: ‘काही तांत्रिक अडचणीमुळे जुनी पत्रं काही काळ...’

‘हे खोड.’

‘बाई, यादीच सोडून जातील सगळ्या.’

‘जाऊ देत. कोणाची चूक, ते पहिल्या ओळीत हवं. तिने विश्वास ठेवून बॅग उचलायची की नाही, ते तिला ठरवायचंय. पान तुझं आहे ना? मग तू लिही.’

मला भीती वाटत होती, आणि ती सगळी शुक्रवारवालीसाठी नव्हती, हे इथे लिहायला लाज वाटते. निम्मी माझ्या नावासाठी होती. मग मी लिहिलं की पायऱ्यांचा क्रम मी चुकवला, पाचवी आधी हवी होती. मध्येच इथली लाईट गेली, बाईंना काम थांबलंसं वाटलं, पण लाईट फक्त आपल्याकडे जाते, मशीनकडे जात नाही, हे मी कुठे लिहिलं नव्हतं. पत्रं साधारण एक दिवस उघडी होती. एक पत्र कोणीतरी वाचलेलं आहे. ज्यांनी दिवस किंवा गाव लिहिलं असेल, त्यांनी ते बदलावं. बाईंनी दोनदा वाचलं, एक स्वल्पविराम दुरुस्त केला आणि पाठव म्हणाल्या.

कोणीच उत्तर दिलं नाही. बाईंनी तिला वेगळंही लिहिलं, त्यालाही नाही. सोमवारी अकरा जणींनी नाव काढलं, मंगळवारी चौघींनी. रकाने सगळे रिकामे. शुक्रवारी मी फोन हातातून खाली ठेवला नाही. भाजी करपली. नवऱ्याने विचारलं, काय झालं, तर त्याच्यावरच खेकसले. स्थानिक बातम्या पुन्हा पुन्हा उघडून बघत होते आणि काय शोधतेय ते स्वतःशीही बोलत नव्हते. बातमी नव्हती. बातमी नसणं म्हणजे सगळं ठीक असणं नव्हे, हे मला कळत होतं. कडी लावलेल्या घराची बातमी येत नाही.

त्या आठवड्यात मी पान बदललं. कुलूप दुसऱ्या पायरीवर आणलं. मग तेवढ्याने समाधान होईना म्हणून प्रोग्रामच बदलला: नवा संग्रह आता बंदच जन्माला येतो, उघडायचा तर मुद्दाम उघडावा लागतो. चहाची ओळ काढली. तिथे लिहिलं, ‘तुमच्याकडची वीज गेली तरी हे काम चालू राहतं.’ आणि त्या परदेशी सहकाऱ्याची सगळ्यांसमोर माफी मागितली. त्याने एका ओळीत उत्तर दिलं: माफी पोचली, तिसऱ्या परिच्छेदात एक शब्द दोनदा पडलाय.

जून गेला. शाळा सुरू झाल्या. स्टँडवर दप्तरवाली मुलं दिसली की मी अजून आयांचे चेहरे बघायचे.

जुलैच्या मध्यावर एका सकाळी बाईंचा फोन आला. ‘तिने नाव काढलंय गं.’

मी खुर्चीत बसले. नाव काढायचं तर आपल्याच मेलवर आलेली लिंक दाबावी लागते. म्हणजे ती तरी, नाहीतर तिची मेल ज्याच्या हातात पडली तो. बाईंनाही हे कळत असणार.

‘थांब,’ त्या म्हणाल्या, ‘खाली रकान्यात काहीतरी लिहिलंय. चष्मा घेते.’

मी थांबले. त्यांच्याकडे कोंबडा ओरडत होता, कोणीतरी बादली ओढत होतं.

‘“इकडे लाईट जात नाही,”’ बाईंनी वाचलं. मग पुन्हा एकदा वाचलं, सावकाश, फळ्यावरचं वाचावं तसं.

लाईट फक्त आपल्याकडे जाते, असं मीच त्या पत्रात लिहिलं होतं. आमच्याकडे त्या दिवशी सकाळपासून गेलेली होती.