शेवटची टाचणी

लेकीकडे इंग्लंडला आल्यापासून मी अधूनमधून समोरच्या थॉर्नस्विक आजोबांकडे चहाला जाते. एकटेच असतात. त्यांच्या भिंतीवर देशाचा मोठा नकाशा आहे. त्यांच्या आडनावाचं माणूस जिथे राहतं तिथे लाल टाचणी टोचायची, हा त्यांचा जुना छंद. या आडनावाचं मूळ गाव उत्तरेच्या किनाऱ्यावरचं, समुद्राने केव्हाच गिळलेलं. तिथली माणसं पुढे गिरण्यांच्या, खाणींच्या गावांकडे पांगली. दर नाताळात आजोबा सगळ्यांना कार्ड पाठवायचे. कोणी वारल्याचं कळलं, की त्याची टाचणी काढायचे.

परवा मी चष्मा लावून नकाशाजवळ गेले. नकाशाभर नुसती भोकं होती. टाचणी एकच, आमच्या गल्लीवर.

माझ्या बाबांना भाऊ नव्हता आणि आम्ही दोघी बहिणीच. त्यांचं आडनाव संपलंय, हे मला त्या परक्या भिंतीसमोर कळलं. मी ते सोडलं त्या दिवशी तर आम्ही पंगतीवर पंगती उठवल्या होत्या! बाबा स्वतः आग्रहाने जिलेबी वाढत होते. त्यांना तेव्हा भीती वाटली असेल का?

"ही टाचणी काही मला काढता येणार नाही," साखर किती घालू विचारावं, तशा आवाजात आजोबा म्हणाले. "तुम्ही काढाल?"

मी हो म्हणाले. नाही म्हणायचा धीर झाला नाही.

आता सकाळी उठल्या उठल्या मी खिडकीशी जाते. समोरचा पडदा सरकेपर्यंत चहाचं आधणसुद्धा ठेववत नाही.