तुकाराम आजोबांनी निवडलेला गोलकीपर

मंडळी, आज कळंबच्या टपरीवर आमची जुंपली होती. आपल्या फुटबॉल टीमनं जुना गोलकीपर काढून नवा घेतला, ते बरोबर की चूक?

शेजारी पंचाण्णव वर्षांचे तुकाराम आजोबा चहा पीत होते. म्हणाले, "स्वातंत्र्याच्या सालात मी कर्जतच्या टीमचा गोलकीपर व्हतो रं. बॉल अडवताना दोन बोटं मोडली, तवा कॅप्टन बोलला, तुज्या जागी कोण, ते तूच सांग."

"मग?"

"ज्याच्याशी माजं बोलणं नव्हतं, त्याचं नाव दिलं. माज्यापेक्षा चांगला तोच व्हता. मग दर मॅचला त्याच्या गोलमागं उभा राहून बॉल कुठनं येतो ते सांगायचो."

त्यांची न वळणारी दोन बोटं मी बघतच राहिलो. माझा चहा गार झाला.

मला नसतं जमलं. तुम्ही उभे राहिला असता त्या गोलमागे?