रुपरावांचा बडग्या

इतवारीतल्या आमच्या गल्लीत रुपरावांएवढा भांडखोर माणूस नाही. दूधवाल्याशी, कुलरशी, कोणीच नसेल तर स्वतःच्या सायकलशी ते भांडतात. पण मारबतीच्या मिरवणुकीत जाळायचा बडग्या, म्हणजे त्या वर्षी लोकांना ज्याने छळलं त्याचा बांबू-कागदाचा पुतळा, तो रुपरावांनीच करायचा. त्या एका दिवसावर त्यांची ऐट वर्षभर चालते.

यंदा युद्धाच्या बातम्या ताज्या होत्या. मंडळाच्या विक्कीने फर्मान काढलं की शत्रूचा पकडलेला शिपाई करायचा, हातपाय बांधून उलटा टांगलेला, खाली भिवापुरी मिरचीची धुरी. रुपरावांनी साफ नकार दिला. बंदूकवाला शिपाई म्हणाल तेवढा भयंकर करतो, पण बांधलेला करणार नाही. तुम्ही नाही तर आम्ही करू, असं विक्कीने बजावलं. शिवाय बॉम्ब कुठे लपवलाय हे त्याला ठाऊक असेल, तर मिरचीशिवाय तो सांगेल का?

"मले टांग उलटा," रुपराव म्हणाले. "सीताबर्डीचा किल्ला म्याच चोरला म्हनून सांगीन. सापडन काय किल्ला तुले?"

"अन् त्यायनं आपल्या पोराले असंच टांगलं तर?" विक्कीने विचारलं.

"तर त्यायले शिव्या द्याले आपलं तोंड साफ पायजे ना गा."

त्यांच्या सौभाग्यवती कांताबाईंनी विक्कीची बाजू घेतली. नवऱ्याविरुद्ध उभं राहायची संधी त्या सहसा दवडत नाहीत. बडग्या पोरांनीच केला. रुपराव त्या आठवड्यात कोणाशीही भांडले नाहीत, तेव्हा गल्लीला काळजी वाटू लागली.

मिरवणुकीच्या सकाळी उलटा शिपाई चौकात आला. एरवी बडग्या दिसला की चपला उडतात. या वेळी हात वर गेले आणि तिथेच राहिले. पोरांनी हौसेने चेहरा जरा जास्तच माणसासारखा काढला होता. धुरीने खोकत कांताबाई म्हणाल्या, "खाली घ्या गा त्याले. पानी पाजा."

विक्की रुपरावांना बोलवायला त्यांच्या ओट्याशी आला. इतक्या दिवसांचा टोमणा रुपरावांच्या ओठांवर असणार, पण तो त्यांनी गिळला. विळा घेऊन गेले, दोर कापले, शिपायाला सरळ उभा केला, हातात बांबूची बंदूक खोचली, मिशाही पिळून दिल्या. मग मागे सरून पायातली चप्पल काढली.

"आता हाना."

पहिली त्यांचीच बसली. दुसरी कांताबाईंची, ती रुपरावांच्या पाठीत बसली. नेम चुकला, असं त्या अजून म्हणतात. भांडण चालू आहे, गल्ली निर्धास्त आहे.