बसण्याचा सराव

तुम्ही विचारलंत, परीक्षेला सात तास बसायचं बळ आणायचं कुठून. मला ते कसं आलं तेवढं सांगते. तुमच्या उपयोगाचं असेल तर घ्या.

आमच्या वेळी परदेशात डॉक्टरी करायला इथली पदवी पुरत नसे. तिकडच्या परवान्यासाठी वेगळी परीक्षा असे आणि ती एका दिवसात उरकत असे: सकाळी साडेतीन तास, मधे एक तास जेवणाला, दुपारी पुन्हा साडेतीन तास. केंद्र मुंबईला. तुमचे आजोबा ती पास होऊन दीड वर्षापूर्वी गेले होते. मी शिरपूरला सासूबाईंजवळ राहून घराच्या पुढच्या खोलीत दवाखाना चालवत होते. पास झाले की मीही जाणार, असं ठरलं होतं.

पहिल्या वेळी मी नापास झाले. त्या परीक्षेत काही लिहायचं नसे. प्रत्येक प्रश्नाखाली पाच उत्तरं छापलेली असत आणि वेगळ्या कागदावर त्यातल्या एकाची खूण पेन्सिलीने काळी करायची. आम्ही नागपूरला दहा-दहा पानं लिहून डॉक्टर झालेलो. दुपारच्या तिसऱ्या तासाला मी एक प्रश्न सोडून पुढे गेले, पण कागदावरची त्याची ओळ रिकामी सोडायला विसरले. तिथून पुढचं प्रत्येक उत्तर एक ओळ वर चढलं. लक्षात आलं तेव्हा शेवटची काही मिनिटं उरली होती. घाईघाईने खोडताना कागद फाटला.

आजोबांचं पत्र आलं. पुन्हा बस, म्हणाले. या वेळी नाही जमलं तर मी इकडचं शिक्षण अर्धवट टाकून परत येतो, त्यात तुझा दोष धरणार नाही. हे शेवटचं वाक्य त्यांनी लिहिलं नसतं तर बरं झालं असतं. ते इतक्या चांगल्या मनाने लिहिलेलं होतं की मला दोन दिवस अन्न गेलं नाही.

मला सवय प्रत्येक गोष्टीचं वेळापत्रक करायची. मी फुटपट्टीने रकाने आखले, विषय वाटून टाकले. विषयांची भीती नव्हतीच. पण स्वतःकडे नीट पाहिल्यावर कळलं की गेल्या कित्येक वर्षांत मी अर्धा तासही एका जागी बसले नव्हते. दवाखान्यात खोकला आला की उठायचं, कुणाचं मूल पडलं की धावायचं. उठणं हाच माझा धंदा होता. चाळीस मिनिटं झाली की कुणी बोलावलं नाही तरी माझे पाय आपोआप जमिनीवर चपला शोधू लागत.

सासूबाईंना हे माझ्याआधी दिसलं. त्या समोर माळ घेऊन बसलेल्या असत.

"तू त खुट्याच्या बकरीवानी करतं," त्या एकदा म्हणाल्या. "सात खेपा घड्याळ पाह्यलं. मी मोजून राह्यली."

मी म्हटलं, बाई, माळ जपायची सोडून तुम्ही माझ्या खेपा मोजता होय?

"दोन्ही जमते मले. तुले एकबी जमून नाही राह्यलं."

त्या रोज सकाळी सामायिक करत. आपल्या जैन घरांत हे व्रत असतं, तुम्ही लहानपणी पाहिलं आहे. अठ्ठेचाळीस मिनिटं एका आसनावर बसायचं. राग नाही, बोलणं नाही, उठणं नाही. त्यांच्याजवळ तेवढ्याच वेळाची काचेची वाळूची घडी होती. गावात सगळ्यांना ठाऊक होतं की सामायिकात बसलेल्या माणसाला हाक मारायची नाही. त्यांनी मला घडीवर बसायला सांगितलं. आधी एक, मग दोन. मी हिशेब केला: परीक्षा म्हणजे जवळजवळ नऊ सामायिकं.

"पर त्याले सामायिक म्हनू नको," त्यांनी बजावलं. "हा अभ्यास हाये. देवाचं नाव त्याले लावलं त पाप लागन."

दिवाळीनंतर सुरुवात केली. घरात दिवेलागणीनंतर जेवण नाही आणि फार वेळ दिवाही नाही, त्यामुळे जे करायचं ते उजेडात. दर बुधवारी दवाखाना बंद ठेवायचा, असं गावात सांगून टाकलं. आतल्या खोलीत पाट, त्यावर पुस्तक, आणि मी स्वतः रेघा मारून तयार केलेले उत्तरांचे कागद. सुरुवातीच्या आठवड्यांत दुसऱ्या घडीला माकडहाड दुखू लागलं, तिसरीला डावा पाय मेला. चौथ्या घडीत शेजारच्या घरी तुरीच्या शेंगा उकडत होत्या तो वास आला आणि मी एकच प्रश्न पाच वेळा वाचला. सासूबाईंना मी विचारलं की मन पळतं त्याचं काय करायचं. मला वाटलं होतं त्या एखादं स्तोत्र सांगतील.

"पळते त पळू दे. बूड हालवू नको. दमलं की येते वापस."

पाण्यावरून आमचं वाजलं. त्यांच्या मते एकदा बसलं की घोटही नाही. मी म्हटलं, मी डॉक्टर आहे, कोरड्या तोंडाने डोकं चालत नाही हे मला माहीत आहे. त्या दोन दिवस रुसल्या. मग एका घडीची वाळू संपून दुसरी सुरू करताना पेला पुढे सरकवू लागल्या. मार्गशीर्ष उतरेपर्यंत मी सात घड्यांवर आले होते. मुंबईला जायच्या आधीच्या शेवटच्या बुधवारी पूर्ण नऊ करायच्या, हुबेहूब परीक्षेसारख्या, असं ठरलं. त्या दिवशी कागदाची एकही ओळ चुकली नाही तरच मी जमलं म्हणणार होते.

सकाळचा भाग नीट गेला. जेवून पुन्हा बसले. सातवी घडी संपत आली होती. बाहेर बैलगाडी थांबल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ एका पुरुषाचा. तो जवळच्या रिठद गावचा होता, बांगड्यांचा व्यापार करणारा, मुसलमान. गाडीत त्याची बायको होती. सकाळपासून अडली होती आणि सुईणीने हात टेकले होते.

सासूबाई दारात गेल्या. मधे फक्त एक भिंत होती, सगळं ऐकू येत होतं.

"डॉक्टरीनबाई हाये का?"

"हाये. बसली हाये आतमंदी."

तो म्हणाला, "सामायिकात असन त थांबतो, माय. हाक नाही मारत."

आता त्यांनी नुसतं हो म्हटलं असतं तर तो अंगणात थांबला असता. घडीभर, कदाचित दोन. मला वाटलं त्यांनी हो म्हणावं. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही, पण तुम्हाला खरं सांगायचं म्हणून लिहायला बसले आहे. माझी पेन्सिल चालू होती.

"सामायिक नोहे," सासूबाई म्हणाल्या. "परीक्षेचा अभ्यास हाये. बस, सांगते तिले."

त्या आत आल्या. माझ्याकडे पाहिलं, घडीकडे पाहिलं. "ऐकलं तू. मी उठवत नाही तुले. अन् खोटंबी सांगतलं नाही." एवढं बोलून त्या चुलीकडे पाणी तापवायला गेल्या.

मी लगेच उठले नाही. हातातला प्रश्न संपवला. मग पुढचा. एकूण सहा. डोकं अगदी स्वच्छ चालत होतं, ओळी बरोबर भरत होत्या, पाय चपला शोधत नव्हते. ज्यासाठी दोन महिने घालवले ते नेमकं तेव्हा जमत होतं. सहाव्यानंतर बाहेर ती बाई ओरडली. मोठ्याने नाही, थकलेल्या माणसाचं ओरडणं. मी पेन्सिल ठेवली.

मूल पायाळू होतं. एक पाऊल आधीच बाहेर आलेलं. गाडीतून तिला दवाखान्याच्या बाकावर घेतलं. सासूबाईंनी तिचे खांदे धरले. बाळंतिणीला शिवलं तर सोवळ्याचं काय, हे त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही. अंग आलं, हात आले, डोकं अडलं. मी घाई केली नाही, आणि त्याचं मला अजून नवल वाटतं. एरवी मी ओढलं असतं. एका हातावर ते निळं अंग तोलून, कळ येईपर्यंत मी नुसती थांबले. तिचा नवरा बाहेर त्याच्या देवाचं नाव घेत होता, सासूबाई आत त्यांच्या. डोकं आलं. मूल पिठाच्या गोळ्यासारखं ढिलं होतं. तोंड पुसलं, पाठ चोळली, तोंडाला तोंड लावून फुंकलं. किती वेळ ते सांगता येत नाही. घड्याळाकडे बघायचं मला सुचलं नाही. मग मुलगी रडली.

आईला टाके घालून, हात धुऊन मी आत आले तेव्हा उन्हाचा पट्टा भिंतीवर चढला होता. सासूबाई म्हणाल्या, आता राहू दे. मी बसले. उरलेल्या दोन घड्या केल्या. कागद तपासला तेव्हा ओळ एकही चुकली नव्हती. पण ती सहा उत्तरं मी पुन्हा पुन्हा पाहिली. सहाही बरोबर होती.

मुंबईच्या हॉलमधलं सांगण्यासारखं फार नाही. दुपारी शेजारचा एक तरुण डॉक्टर डोकं टेबलावर टेकून बसला, पर्यवेक्षकाने त्याला बाहेर नेलं. माझं मन रिठदला जाऊन आलं, आजोबांकडे जाऊन आलं. मी हलले नाही. वेळ संपल्याची सूचना झाली तेव्हा माझे सगळे प्रश्न झाले होते आणि कागद शाबूत होता.

निकालाचं पाकीट आलं ते मी स्वयंपाकघरात उभ्यानेच फोडलं. पास झाले होते. सासूबाईंना सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या.

"विमानात किती येळ बसा लागते?"

मी म्हटलं, बदलून बदलून दिवस जातो.

"मंग जमन तुले," त्या म्हणाल्या. थोडे तांदूळ निवडून झाल्यावर त्यांनी विचारलं, "अन् तुह्या मागं बायका अडल्या त मी दारात काय सांगू?"

मी आजोबांना तार करायला निघाले होते. तार केली, परत आले आणि त्यांच्यासमोर बसून उरलेले तांदूळ निवडले. त्या वर्षीच्या पावसाळ्यात मी गेले.