छायाताईंची एकटीची कादंबरी

छायाताई माझ्या थोरल्या जाऊबाई. मखमलाबादला आमचं मेथी-कोथिंबिरीचं शेत. दुपारी शेडमध्ये बसून जुड्या बांधायच्या आणि संध्याकाळच्या लिलावाला गाडी पाठवायची, हा रोजचा क्रम. म्हणजे जुड्या मी आणि मजूर बायका बांधतो, छायाताई वाचतात. त्या सून होऊन आल्या तेव्हाच सासूबाईंनी, नवसाबाईंनी, तसं ठरवून टाकलं: तू वाच, आम्ही बांधतो. सुरुवात पोथीपासून झाली, आता वाचनालयातून कादंबऱ्या येतात. त्यांच्या वाट्याच्या जुड्या मला बांधाव्या लागतात, याबद्दल मी काही बोलत नाही. म्हणजे रोज बोलत नाही.

हल्लीच्या कादंबऱ्यांवर छायाताईंची मतं ठाम आहेत. "शहरातला माणूस कंटाळून गावी येतो, बांधावर बसतो आणि त्याला आयुष्य समजतं. बांधावरचं गवत कोण काढतं, ते काही समजत नाही." पण नवे लेखक बाईला उगाच चिडू देतात, हे त्यांना आवडतं. पूर्वी बाई चिडली की तिच्यामागे दहा पानांचं दुःख लावायचे म्हणे. सासूबाईंना अक्षरओळख नाही, पण त्यांचा निकाल सुप्रीम कोर्टाचा. परवा एक नायिका दोन प्रकरणं खिडकीत बसून विचार करत होती, तेव्हा त्या म्हणाल्या, "हिच्या घरी कोणी जेवत नाय का?"

यंदा पाडव्याला छायाताईंनी संकल्प केला. वाचनालयातल्या बायका वर्षाला पन्नास पुस्तकं, शंभर पुस्तकं असं सांगतात. यांचा आकडा एक. "एक कादंबरी मनातल्या मनात वाचायची, हर्षाली. माझी मी. कुणाला ऐकवायची नाही." मला हसू आलं, पण त्यांचा चेहरा पाहून मी ते आवरलं. इतकी वर्षं पुस्तकांत काढलेल्या या बाईने एकही पुस्तक एकटीने वाचलेलं नव्हतं.

कारण आमच्या घरात पुस्तक हातात घेतलं की मोठ्याने वाचायचं. पोथी जशी घरादारासाठी वाचतात, तसंच. छायाताईंनी निळ्या कव्हरची एक नवी कादंबरी आणून तांदळाच्या डब्यामागे ठेवली. कुकर होईपर्यंत चार पानं झाली असतील नसतील, तोच सासूबाई दारात उभ्या.

"काय वाचू राहिली?"

"आहे एक."

"मंग मोठ्यानं वाच की."

"ही माझ्यासाठी आणलीय, आई."

सासूबाईंना ते लागलं. "एकटीनं वाचायचं म्हंजे परसाद एकटीनंच खायचा," एवढं बोलून त्या निघून गेल्या. त्यानंतर शेडमधलं वाचन चालू राहिलं, पण सासूबाई "पुढं काय झालं?" म्हणेनात. निळी कादंबरीही पुढे सरकेना. छायाताई म्हणाल्या, "त्या बाहेर खोळंबून बसल्यात असंच वाटत राहतं गं. ओळ डोक्यात शिरत नाही." मला दोघींचाही राग आला. एवढंसं पुस्तक आणि घरभर अबोला! "द्या परत करून," मी म्हणाले. त्यांनी ते पिशवीत टाकलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी अचानक कपडे भरले. म्हणाल्या, "सटाण्याहून लताचा फोन आला व्हता. कांदा चाळीत भरायचाय, तिला माणूस पायजे. आठ रोज काय मी येत नाय." सत्तरीच्या बाईला साठवणीच्या चाळीत कांदे भरायला कोण बोलावतं? मला काही ते पटेना. मी लताताईंना, म्हणजे आमच्या नणंदेला, फोन लावला.

"मी कुठं बोलावलं? आईच आली," लताताई म्हणाल्या. "ओट्यावर निवांत बसलीय. म्हणे, माझे कान घरात असले का छायाला वाचता येत नाय."

मी ते छायाताईंना सांगितलं. त्या थोडा वेळ रडल्या. मग उठून पिशवीतून पुस्तक काढलं.

त्या आठवड्यात दुपारी त्या आमच्याबरोबर जुड्या बांधत आणि गाडी गेली की शेडच्या मागे वाचत बसत. आधी वाचताना ओठ हलायचे. हळूहळू ते हलायचे थांबले. एकदा त्यांनी तोंडावर हात ठेवला. "काय झालं?" मी विचारलं, तर नुसती मान हलवली. मला त्या पुस्तकात काय आहे ते आजही माहीत नाही, आणि हे मला फार जड जातं.

सासूबाई परतल्या, हातपाय धुऊन शेडमध्ये येऊन बसल्या. छायाताईंनी पाणी दिलं आणि चुकल्यासारखं बोलायला सुरुवात केली, "आई, सांगते तुम्हाला. त्यात ना, दोघी बहिणी..."

"नको सांगू," सासूबाई म्हणाल्या. "पुरी झाली का, तेवढं सांग."

"झाली."

"ग्वाड लागली?"

छायाताईंनी मान डोलावली.

सासूबाईंनी मेथी पुढ्यात ओढली आणि जुडी बांधायला घेतली. आमच्याकडे न बघताच म्हणाल्या, "मला वाचता येत आसतं ना, छाया, तर मी बी एखादी आशीच ठिवली आसती. कोणालाच नसती सांगितली."