शकुंतलाबाईंच्या डब्यावरची चौकट

दादाच्या लग्नात मी शंभर स्टीलच्या डब्यांचं वाटोळं केलं. तेही एकाही डब्याला हात न लावता.

हात लावला असता तर निदान म्हणता आलं असतं की पडला, पोचा आला. मी फक्त एक छोटासा प्रोग्राम लिहिला होता. (एका कंपनीत मी हेच काम करते. घरचे नातेवाइकांना सांगतात, "ती कम्प्युटरमध्ये असते." जणू मी रोज सकाळी डबा घेऊन आत जाऊन बसते.)

आमच्याकडे बिननावाचं भांडं कोणाला देत नाहीत. आईचं म्हणणं असं, की नाव नसलेलं भांडं एकदा शेजारी गेलं की ते तिकडचंच होतं. म्हणून बाबांनी ठरवलं, लग्नाला येणाऱ्या प्रत्येक घराला एक डबा द्यायचा आणि ढक्कनावर त्या घरच्या मोठ्या माणसाचं नाव कोरायचं. पण खरं कारण होती शकुंतला आत्या.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. भिवापूरला असते. नऊ वर्षांपूर्वी आमच्या गृहप्रवेशाच्या पत्रिकेत तिचं नाव छापायचं राहिलं, आणि त्या दिवसापासून तिने आमचा उंबरा ओलांडला नव्हता. या वेळी बाबा स्वतः भिवापूरला गेले, दोन दिवस राहिले, आणि तिसऱ्या दिवशी दहा वर्षांनी लहान होऊन परतले.

"येऊन राहिली बाई!" ते म्हणाले, म्हणजे आत्या येणार होती. "पण म्हणे, पहिले मह्या नावाचा डबा पाहीन, मंगच बॅग खोलीन. स्नेहल, नाव चुकलं नाई पाहिजे बरं!"

नावं कोरणाऱ्याकडे आता मशीन आहे. तो मला फोनवर म्हणाला, "मॅडम, नाव की फाइल भेजो. बस, चौबीस अक्षर के अंदर रखना, नहीं तो नाम ढक्कन के बाहर जाता." बाबांच्या यादीत तर 'श्री. व सौ.'पासून गावाच्या नावापर्यंत सगळा थाट होता. कोणतं नाव किती लांब, हे एकेक मोजत बसण्यापेक्षा मी प्रोग्राम लिहिला: चोवीसपर्यंत मोज, पुढचं काप. शाळेतल्या मैत्रिणींची नावं इंग्रजीत टाकून तपासला. अप्रतिम चालला! (इंग्रजी शाळेत शिकलेल्या मुलीला तपासायला दुसरी नावं सुचणार तरी कशी?)

मग बाबांची मराठी यादी टाकली. कम्प्युटर अडला. तक्रार करू लागला. मी चारचौघांत कोणाला 'नाही' म्हणू शकत नाही; रिक्षावाल्याने चुकीच्या गल्लीत नेलं तरी मी तिथेच उतरते आणि चालत घरी येते. माझी सगळी दादागिरी कम्प्युटरवर. मी त्याला बजावलं, "जिथे अडशील तिथे काहीतरी टाक आणि पुढे हो." तो निमूटपणे पुढे झाला. तयार फाइलमधली पहिली ओळ मी वाचली. 'मोठी आई', म्हणजे माझ्या काकू. अगदी बरोबर! उरलेल्या शंभर ओळी वाचल्या नाहीत. मराठी मला वाचता येतं, फक्त घाईत नाही. (हा मजकूर मी तीनदा तपासला आहे.)

लग्नाच्या दोन दिवस आधी सकाळी खोकी आली. त्याच रिक्षातून, योगायोगाने नव्हे तर माझ्या नशिबाने, आत्याही उतरली. बाबांकडून कोरणाऱ्याचा पत्ता घेऊन रिक्षावाल्याला तिनेच वाटेत खोक्यांसाठी थांबवलं होतं. दिवाणावर बसली, पाणी प्यायली, बॅग मांडीवर तशीच धरून म्हणाली, "कुठं हाय मह्या डबा?"

बाबांनी स्वतः खोकं फोडलं. पहिला डबा काढला, ढक्कनाकडे पाहिलं आणि परत आत ठेवला. दुसरा काढला. परत ठेवला. तिसऱ्याला त्यांचा चेहरा रुखवतातल्या करंजीसारखा पांढरा पडला.

"हे काय लिहून राहिली वं तू?"

ढक्कनावर होतं: 'श्री. नाम', आणि पुढे एक काळी चौकट, आकाराने पत्त्यांतल्यासारखी, तिच्या पोटात प्रश्नचिन्ह! श्री. नामदेवराव आमचे सख्खे शेजारी. तीस वर्षांच्या शेजारानंतर आम्ही त्यांना त्यांचंच नाव विचारत होतो.

दादा एकेक डबा काढून वाचू लागला. 'श्री. वाम' आणि चौकट. 'श्री. पुं' आणि चौकट. "माझ्या लग्नात तू पत्त्यांचा डाव मांडला काय?"

मी कोरणाऱ्याला फोन लावला. तो दुखावलाच. "मॅडम, फाइल में जो था वोच डाला. मेरे को लगा डिझाइन है. सबसे ज्यादा मेहनत तो वो चौकट पे लगी!"

खरंच लागली होती. चौकटी नावापेक्षा सुबक होत्या.

तेवढ्यात आत्याने खोक्यात हात घालून आपला डबा शोधून काढला होता. 'सौ. शकुंत'. चौकट. प्रश्नचिन्ह. तिने पदराने ढक्कन पुसलं. चौकट पुसली गेली नाही.

"नऊ वर्सापयले पूर्ण नाव गेलं होतं," ती अगदी शांतपणे म्हणाली. "आता अर्धं आलं. म्हणजे अजून नऊ वर्सांनी येतो मी." आणि बॅग घेऊन उठली.

बाबा तिच्याकडे न पाहता माझ्याकडे पाहत होते. मग मी आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांसमोर सलग तीन वाक्यं बोलले.

"आत्या, थांब ना! कम्प्युटरच्या पोटात अक्षरं खणांत ठेवतात. इंग्रजी अक्षराला एक खण लागतो, मराठी अक्षराला तीन, काना-मात्रेलाही वेगळे तीन-तीन, आणि मी अक्षरं मोजायच्या ऐवजी खण मोजले, त्यामुळे चोविसाव्या खणावर तुझा 'ल' मधोमध कापला गेला आणि अर्ध्या 'ल'चं काय करायचं ते न कळून त्याने चौकट काढली."

आत्या दारात थांबली. "म्हणजे मह्या नावाले जागा जास्त लागते?"

"हो."

"आन् इंग्रजीवाल्याले कमी?"

"हो."

"हे तुले आज समजलं?"

"नाही." (परीक्षेत हाच प्रश्न आला होता. पूर्ण मार्क मिळाले होते.)

"मंग जागा काहून नाई देल्ली?"

का दिली नाही, हे परीक्षेत विचारलं नव्हतं.

आत्याने बॅग खाली ठेवली. खोलली नाही, पण ठेवली. "काढ तुह्या तो कम्प्युटर. मी समोर बसून पाहतो."

मी प्रोग्राम नव्याने लिहिला. या वेळी खण नाही, अक्षरं मोजली. आत्याने चष्मा लावून छापील यादी मोठ्याने वाचली आणि सातव्याच नावाला थांबली. "ह्याचा शेवटचा काना कुठं गेला वं?" मी काना वेगळं अक्षर म्हणून मोजला होता; लांब नावांचं शेवटचं अक्षर राहिलं, काना कापला गेला! पुन्हा लिहिलं. आता अक्षर आणि त्याचा काना-मात्रा मिळून एकच; सगळी नावं चोवीसच्या आत मावली. आत्याने एकशे एक नावं परत पहिल्यापासून वाचली. मध्ये बाबांनी चहा आणला तर म्हणाली, "थांब, एकोणचाळीसवर आहे."

दुपारी आम्ही दोघी खोकी घेऊन कोरणाऱ्याकडे गेलो. ढक्कनं बिघडली होती, पण डब्यांची पोटं कोरी होती. आत्या स्टुलावर बसून प्रत्येक डबा मशीनखालून निघाला की वाचायची, मगच पुढचा लावू द्यायची. कोरणाऱ्याने विचारलं, "ये मॅडम आपके ऑफिस की हैं क्या?"

संध्याकाळी घरी येऊन आत्याने बॅग खोलली. बाबा उगाचच स्वयंपाकघरात जाऊन कांदा चिरू लागले. त्या दिवशी भाजीत कांदा नव्हता.

लग्नानंतर मी आत्याला म्हटलं, "तुझं ढक्कन तरी बदलून देते. नवीन आणते."

"काही नको," ती डबा छातीशी धरून म्हणाली. "असाच राहू दे."

मला भरून आलं. मला वाटलं, प्रेम.

परवा भिवापूरला गेले होते. डबा बाहेरच्या खोलीत, टीव्हीच्या शेजारी, ढक्कन लोकांकडे करून आडवा ठेवला आहे. आल्यागेल्याला आत्या तो कौतुकाने दाखवते आणि म्हणते, "मह्या भाचीनं बनवलं. चार वर्सं शिकली ती याच्यासाठी."