कोरस आधी आला

पहिल्यांदाच असं काही लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. आमच्या घरात भिंतीवर बावीस प्रतिज्ञा लावलेल्या आहेत. अंगात येणं, करणी असं कोणी काही बोललं की बाबा उठून बाहेर जातात. मीही तशीच वाढले. म्हणून हे लिहावं की नाही, यातच बरेच दिवस गेले...

आमचं गाव आसेगावजवळ. मी वाशिमला होस्टेलवर राहून बी.ए. करते, घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत निघताना रूममेटने एक इंग्रजी कादंबरी दिली. ती कोरियन गाण्यांची वेडी, आणि कादंबरीही तिथलीच. सोलमधल्या एका म्युझिक कंपनीत मुली वर्षानुवर्षं ट्रेनिंग घेतात, एका खोलीत दाटीने झोपतात, वजन करून जेवतात. त्यातली एक नाहीशी होते. कंपनी म्हणते, स्वतःहून घरी गेली. तिच्या मैत्रिणीला मात्र वाटतं, नव्या गाण्याच्या कोरसमध्ये तिचाच आवाज आहे. ती हेडफोन लावून तेच तेच ऐकत राहते. आवाज खरा, की तिच्या मनाचा खेळ? पुस्तक ते लवकर कळू देत नाही.

सुट्टीभर आई आणि मी आमच्याच वावरात कापूस वेचत होतो. दुपारी भाकर खाल्ली की मी बाभळीखाली थोडं वाचायचे, आणि मग वेचता वेचता तेवढंच आईला सांगायचे. आई शाळेत गेलेली नाही, पण गोष्ट तिला लगेच कळते. हरवलेल्या मुलीचं कोरियन नाव तिने सोडून दिलं आणि तिला सरळ मीना म्हणायला लागली.

“दिवसभर नाचून राह्यल्या न् खाऊन राह्यल्या पालापाचोळा,” ती म्हणाली. “हरवन नाई त का होईन?”

पण ‘स्वतःहून घरी गेली’ हे मी सांगितलं, तेव्हा आईचे हात थांबले. मग माझ्याही लक्षात आलं — शोभा मावशी.

मावशी आईची धाकटी बहीण. माझ्या जन्माआधीची गोष्ट. ती भीमगीतांच्या गायन पार्टीत कोरसला होती. एकदा कार्यक्रमाला म्हणून पार्टीबरोबर गेली. पार्टी परत आली, मावशी नाही. पार्टीवाले म्हणाले, मधल्या एका स्टँडवर उतरली, घरी जातो म्हणाली. पोलिसात तक्रार झाली, पुढे काहीच नाही. तेव्हापासून आई गात नाही. मी तिला गाताना कधी ऐकलंच नव्हतं.

त्या वर्षी मामाने ठरवलं होतं, दिवाळीनंतर मावशी वारली असं मानून तिच्या फोटोला हार घालायचा आणि पुण्यानुमोदन करायचं. किती वर्षं अधांतरी ठेवायचं, हे त्याचं म्हणणंही खोटं नव्हतं. फक्त आईच्या होकारासाठी तो थांबला होता. आणि आई हो म्हणत नव्हती, नाहीही म्हणत नव्हती.

तर दुसऱ्या दिवशी मी सांगत होते — कोरसमध्ये इतके आवाज, त्यात मैत्रिणीने तिचा आवाज कसा ओळखला असेल? मलाही माहीत नव्हतं, पुढचं वाचलंच नव्हतं. आई कापसाकडे बघतच म्हणाली, “मीना आधी उचलत असन. बाकीच्याइच्या आधी.”

मी विचारलं, कशावरून? तेव्हा तिने सांगितलं. लहानपणी ती आणि मावशी निंदताना वावराच्या दोन टोकांना बसायच्या आणि गाणं म्हणायच्या. एवढ्या लांबून आवाज जरा उशिरा पोचतो. म्हणून आईची ओळ संपायच्या आधीच मावशी पुढची उचलायची, म्हणजे आईच्या कानात दोन्ही बरोबर जुळायचं. तीच सवय लागली. पार्टीत गेल्यावरही ती कोरसमध्ये सगळ्यांच्या आधी यायची आणि मुख्य गायकाच्या शिव्या खायची.

दुपारी मी पुढचं प्रकरण उघडलं. मैत्रिणीने आवाज ओळखला होता तो त्यावरूनच — हरवलेली मुलगी किंचित आधी सुरू करायची. मी ते दोनदा वाचलं. योगायोग म्हणता येईल... मीही तेच म्हटलं. आईला ते सांगितलं. ती उठली, कमरेची कापसाची ओटी सोडली आणि धुऱ्याकडे, म्हणजे वावराच्या बांधाकडे, तोंड करून गायला लागली.

आवाज चिरका झाला होता. शब्द साधेच, दोघींनी निंदताना जोडलेले. आईची ओळ अजून संपायची होती, शेवटचा शब्द तिच्या तोंडातच होता — आणि समोरून पुढची ओळ आली. बाईचा आवाज. लांबून, बारीक, पण स्पष्ट.

मी धुऱ्यापर्यंत पळत गेले. पलीकडच्या वावरातलं सोयाबीन निघून गेलेलं, नाल्यापर्यंत नुसती सपाट जमीन. लपायला एक झुडूप नाही. कोणीच नव्हतं. मी सायन्सची नाही, पण एवढं मला कळतं की प्रतिध्वनी नंतर येतो. हा आधी आला होता. आणि त्यातले शब्द आई म्हणत होती ते नव्हतेच, त्यांच्या पुढचे होते.

परत आले तेव्हा आई खाली बसली होती. मला म्हणाली, “तुले आलं ना ऐकू?”

मी हो म्हणाले. खोटं बोलले नाही. पण त्या एका ‘हो’चं ओझं मला अजून वाटतं.

संध्याकाळी तिने मामाला फोन केला. “दादा, फोटोले हार घालू नोको.” त्याने कारण विचारलं असावं. ती म्हणाली, “कारण नाई मायापाशी. पण माहा होकार नाई.”

कादंबरी मी नंतर पूर्ण केली. तिथे शेवटी आवाजाचा उलगडा होतो. आमच्याकडे झाला नाही. एका गोष्टीत गुंतून आम्हा दोघींच्या मनाने एकच आवाज तयार केला असेल का? असेल. पण पुढच्या ओळीचे शब्द मला माहीतच नव्हते, आणि आईने नंतर म्हणून दाखवले ते मी धुऱ्यापलीकडून ऐकलेलेच होते.

आई आता वेचताना गाते. फोनवर मी दर वेळी विचारते, पुन्हा आला का आवाज? नाही म्हणते. पण ओळीचा शेवट ती म्हणत नाही, तेवढी जागा मोकळी सोडते.